दारावरची ओझेला

ओझेला प्रुइट कुणावर तरी चिडली नाही, असा रविवार पोर्ट हॅलीत अजून उजाडायचा आहे. वय त्रेसष्ट. आठवडाभर सरकारी शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटात वाढायचं आणि रविवारी कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे घालून न्यू बेथनी चर्चच्या दारावर उभं राहायचं. दारावर उभ्या राहणाऱ्या बायकांची आमच्याकडे वेगळी फौज असते. कुणाला कुठल्या बाकावर बसवायचं, रडू अनावर झालेल्याला रुमाल कधी द्यायचा, किरकिरणारं पोर कधी बाहेर न्यायचं, हे सगळं त्या तोंडातून अक्षर न काढता हाताच्या खुणांनी करतात. ओझेला त्या फौजेची म्होरकी. पास्टर टॉलिव्हरच्या प्रवचनात डुलक्या काढणारी माणसं ओझेलाचा हातमोजा वर गेला की ताठ बसतात.

जानेवारीतल्या त्या रविवारी तळ्यावरून असा वारा सुटला होता की दार उघडलं की मेणबत्त्या विझायच्या. देवानं काय केलं ते उठून सांगायची, साक्षीची वेळ आली आणि जोवेटा बँक्स उठली. सत्तावीस वर्षांची पोरगी, वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, तीन लेकरं, नवरा टेक्सासला गेला तो तिकडचाच झाला.

"देव भला आहे," जोवेटा म्हणाली.

"सदासर्वदा," सगळं चर्च म्हणालं.

"घर तापवायची माझी भट्टी बंद पडली. मालक फोन उचलेना. पण देवानं आम्हाला तारलं. पेटत्या ओव्हनचं दार उघडं टाकून स्वयंपाकघरात एका गादीवर माझी तिन्ही लेकरं निजली आणि एकालाही साधा खोकला झाला नाही. मी कामावर गेले की थोरली धाकट्यांवर नजर ठेवायची आणि तिच्यावर देवदूत नजर ठेवायचे."

ऑर्गनवाल्यानं सूर धरला. टाळ्या, आमेन, दोन-तीन बायका नाचायलाही उठल्या. ओझेलानंही दारात उभ्या उभ्या हात वर केला.

आता आमची रीत अशी आहे की चर्चमध्ये उभं राहून संकट सांगायचं ते जिंकल्यासारखं सांगायचं. बुडत होते, वाचले. बुडतेय असं कुणी म्हणत नाही, कारण देवाच्या घरात देवाचीच तक्रार केल्यासारखं होतं ते. सांगणारा असा सांगतो, आणि ऐकणाराही ते संकट उरकलं असं धरून ऐकतो, टाळ्या वाजवतो, घरी जाऊन कोंबडी आणि मक्याची भाकर खातो. जोवेटाची भट्टी त्या क्षणीही थंडगार होती. शंभरेक माणसं बसली होती तिथं. "पोरी, मग आता चालू झाली का?" एवढं एकानंही विचारलं नाही.

एका बाईनं मात्र नीट ऐकलं. चौथ्या बाकावर बसलेली, उंटाच्या रंगाचा झकास कोट घातलेली पाहुणी. तिला आमची रीत ठाऊक नव्हती. तिला ऐकू आलं ते एवढंच की तीन लहान पोरं, हिवाळा, उघडा ओव्हन आणि रात्री घरात मोठं माणूस नाही.

मंगळवारी दुपारी जोवेटा शाळेच्या मागच्या दाराशी उभी. स्वयंपाकघरातल्या बायका भांडी घासत होत्या. कोटाच्या आत रात्रपाळीचा गणवेश तसाच अंगावर होता.

"मिस ओझेला, काउंटीच्या सरकारची बाई आली होती."

"कसली बाई?"

"पोरांच्या खात्यातली. तपासनीस. म्हणाली, घरात भट्टी हवी, प्रत्येक पोराला आपला पलंग हवा आणि रात्री घरात मोठं माणूस हवं. गुरुवारी परत येणार आहे. हे सगळं दिसलं नाही तर..."

"तर काय? बोल."

"तर ती तिघं तात्पुरती दुसरीकडे राहतील म्हणाली. तात्पुरती. दुसरीकडे. जशी काही सुटकेस ठेवायचीय."

ओझेलानं हातातला डाव बेसिनमध्ये आपटला. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या.

"तुम्हाला कुणी विचारलंय? भांडी घासा." मग जोवेटाकडे वळून, "रात्री ओव्हन उघडा टाकून पोरांना एकटं सोडलंस. अक्कल गहाण टाकली होतीस?"

"मग काय करू? वरच्या मजल्यावरची शेजारीण बसायची, ती डिसेंबरात गेली घर सोडून. पाळी चुकवली तर नोकरी जाते. नोकरी गेली तर तीच बाई येणार, दुसरं कारण घेऊन."

हे खरं होतं, म्हणून ओझेला आणखी चिडली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. रविवारी. तुम्ही दारातच होतात."

हे ओझेलाला कानशिलात बसल्यासारखं लागलं. तिनं नळ करकचून बंद केला. मग तिनं विचारलं, "त्या बाईला कळलं कुठून?"

"तिनं देवदूतांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. कुणीतरी चर्चमधलंच आहे."

चर्चमधलं म्हणजे कोण, यावरून एव्हाना ओझेलाच्या फौजेतल्या सिस्टर व्हेल्मानं तिघींवर संशय घेऊन झाला होता आणि त्यातल्या दोघी तिच्याशी बोलत नव्हत्या. ओझेलाला संशय घ्यायची गरज पडली नाही. दारावर उभं राहणाऱ्या बाईला नवा चेहरा विसरता येत नाही. तो उंटाच्या रंगाचा कोट तिनं शाळेत रोज पाहिला होता. मुलांच्या अडीअडचणी बघायला नेमलेल्या नव्या सल्लागार, व्हिटलो बाई. गायनवृंदातल्या कुणाच्या तरी आग्रहाखातर आल्या होत्या.

बुधवारी जेवणाच्या रांगेत व्हिटलो बाई ताट घेऊन समोर आल्या. ओझेलानं सूपाचा डाव हवेत धरून ठेवला.

"तो फोन तुम्ही केलात."

बाईंना नाही म्हणता आलं असतं. असा फोन कोणी केला हे कायद्यानं गुप्त असतं. त्यांनी ताट खाली ठेवलं. "हो. मला करावाच लागतो, मिस प्रुइट. माझ्यासारख्यांनी नाही केला तर तो गुन्हा आहे."

"कायद्यानं फोन करा म्हटलंय. पांघरूण घेऊन जाऊ नका, असं म्हटलंय का कुठं?"

मागची पोरं रांगेत चुळबुळ करायला लागली. व्हिटलो बाईंचा चेहरा उतरला, पण त्याही काही अगदीच मऊ नव्हत्या. "तुमच्यापैकी कुणी नेलं होतं?" त्यांनी विचारलं. "तिनं ते सांगितलं आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात. मी बघत होते. मला वाटलं, इथं कुणाला त्याचं काहीच वाटत नाही."

ओझेलानं सूप इतक्या जोरात ओतलं की अर्धं ताटाबाहेर सांडलं. राग खोट्याचा आला की बोलून टाकता येतो. खऱ्याचा आला की तो असा हातातून सांडतो.

"त्या काउंटीला काय बघायचं असतं ते तुम्हाला माहीत असेल," ती शेवटी म्हणाली. "नुसतं बसून सूप पिणार, की सांगणार?"

बाईंनी सांगितलं, खालच्या आवाजात, रांग खोळंबलेली असताना. घर तापलेलं हवं. पलंग खरे हवेत, जमिनीवरच्या गाद्या चालत नाहीत. रात्रीची सोय एकदाची असून भागत नाही, कायमची हवी, आणि थांबणारं माणूस पोरांच्या खात्यात जुनी काही नोंद नसलेलं हवं. शेवटच्या वाक्याला ओझेलाचा डाव क्षणभर थांबला. मग तिनं पुढच्या पोराला हाक मारली.

शाळा सुटल्यावर ती सरळ पास्टर टॉलिव्हरच्या खोलीत गेली. टेबलावर एका रंगीत पत्रकाचा गठ्ठा होता. हसरी आई, हसरं पोर, खाली "कुटुंबांसाठी हातात हात". काउंटी आणि चर्च मिळून पुढच्या महिन्यात न्याहारीचा कार्यक्रम करणार होते.

"सिस्टर प्रुइट, बरं झालं आलात. तुमच्या मंडळींनी त्या दिवशी दारावर..."

"उन्हाळी शिबिराचे दुमजली पलंग तळघरात पडलेत. मला दोन हवेत. आणि चर्चची गाडी."

पास्टरनं हात जोडल्यासारखे केले. पलंग शिबिर समितीचे होते, गाडी दुसऱ्या समितीची होती, आणि मदतनिधी समिती महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बसायची. तो मंगळवार कालच झाला होता. "मी रविवारी खास प्रार्थना ठेवतो," तो म्हणाला. "आणि या कार्यक्रमात आपण हाच विषय काउंटीपुढे..."

"लेस्टर," ओझेला म्हणाली. चर्चमध्ये ती त्याला नेहमी पास्टर म्हणते, पण त्याची आई कारखान्यात जायची तेव्हा याला सांभाळलंय तिनं. "मी तुझे लंगोट बदललेत. काउंटीबरोबर हातात हात घालून तू अंडी खाणार आणि गुरुवारी ती काउंटी त्या पोरीची तीन लेकरं तीन घरांत वाटणार. त्या परक्या घरांना दर महिन्याला पैसे देईल ती. आईची भट्टी दुरुस्त करायला मात्र तिच्याकडे खातंच नाही. आणि तुझ्याकडे समिती आहे."

"नियम आहेत, मिस ओझेला. मी समितीला काय सांगू?"

"सांग, पलंग चोरीला गेले. कुणी चोरले ते विचारलं तर माझं नाव सांग."

पास्टरनं खिडकीबाहेर बघत गाडीची किल्ली टेबलाच्या कडेला सरकवली. त्याच्या बाजूनं सांगायचं तर, पलंगाचं दुसरं टोक जिन्यावरून त्यानंच धरलं, चांगले बूट घालून.

भट्टी चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, डीकन क्लिओ हारग्रोव्हच्या वाट्याला आली. क्लिओची हयात पोलाद कारखान्याच्या बॉयलरवर गेली. आता गुडघे गेलेत आणि तो जिना उतरतो तो एकेक पायरी शिव्या घालत, डीकन असूनही.

"मालकाच्या परवानगीशिवाय हात लावला तर तो कोर्टात खेचेल," तळघराच्या कुलपाकडे बघत क्लिओ म्हणाला.

"खेचू दे. कोर्टात हीटर असतो."

"पार्ट लागेल."

"चर्चच्या जुन्या भट्टीचा काढ."

"तेही चोरायचं?"

"पलंग नेलेच आहेत. एकाच पापात बसेल."

क्लिओनं पहारीनं कुलूप उचकटलं. संध्याकाळपर्यंत तो त्या भट्टीच्या पोटात डोकं घालून होता आणि वर जोवेटाची थोरली, सिमोन, जिन्यावर बसून विचारत होती, "पेटली का? आता? आता?" पेटली तेव्हा पोरगी गरम हवेच्या जाळीकडे धावली. जाळीवर तळहात ठेवून बसून राहिली आणि आईनं जेवायला बोलावलं तरी उठेना.

राहिल्या रात्री. इथं ओझेलाला कुणाला विचारावं लागलं नाही. चर्चची दारं ती कित्येक वर्षं पाळ्या लावून सांभाळत आली होती. कोण कुठल्या रविवारी, कोण आजारी पडली तर कोण, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. तिनं त्याच पाळ्या उचलून जोवेटाच्या रात्रींवर ठेवल्या. सिस्टर व्हेल्माला फोन केला तर ती म्हणाली, "माझा रक्तदाब..."

"झोपायचंच आहे तिथं. रक्तदाब घेऊन झोप."

गुरुवारी दुपारी तपासनीस ब्रँट बाई आल्या तेव्हा दार ओझेलानं उघडलं. ब्रँट बाई थकलेल्या, नाक लाल, बुटांत बर्फ. आत पाऊल टाकताच त्यांनी मफलर काढला, कारण क्लिओनं भट्टी अशी पेटवली होती की भिंतींना घाम सुटायचा बाकी होता. बसायच्या खोलीत पाच दारवाल्या बायका सोफ्यावर आणि खुर्च्यांवर मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. आज पांढरा पोशाख नव्हता, पण बसण्याची तऱ्हा तीच. व्हिटलो बाई दाराजवळ उभ्या, हातात दोन नवी पांघरुणं. त्यांना बसायला कुणी जागा केली नव्हती. जोवेटाला बुधवारी रात्रीच ओझेलानं सांगून टाकलं होतं की फोन यांनी केला. जोवेटा त्यांच्याकडे बघत नव्हती.

ब्रँट बाईंनी भट्टी पाहिली, पलंग हलवून पाहिले, फ्रिज उघडून पाहिला. धाकटा ट्रे वरच्या पलंगावर चढू बघत होता, त्याला त्यांनीच कमरेला धरून खाली ठेवलं.

"रात्री?"

"या पाच आणि मी सहावी," ओझेला म्हणाली. "पाळ्या लागल्यात. एक आजारी पडली तर दुसरी. आमच्या दारावर आजवर कधी जागा रिकामी पडलेली नाही."

"किती दिवस?"

"हिला दिवसपाळी मिळेपर्यंत. नाही मिळाली तर पोरं लग्नाला येईपर्यंत."

व्हेल्मा घसा खाकरून "अरे देवा" म्हणाली.

ब्रँट बाईंच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. त्यांनी सगळ्यांची नावं विचारली, आणि मग तो प्रश्न, रोज विचारून गुळगुळीत झालेला. "इथं थांबणाऱ्यांपैकी कुणाची स्वतःची मुलं कधी खात्यानं काढून घेतली होती का?"

पाचही जणींनी नाही म्हणून माना हलवल्या. चेष्टा करावी इतका तो प्रश्न त्यांना लांबचा होता.

ओझेलानं मान हलवली नाही. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाचं ऑफिस कागदांसकट जळून गेलं, तिथली माणसं नंतर एकेक करून गेली. नाही म्हटलं असतं तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. आणि कळलं असतं तर? ओझेला प्रुइट खोटं बोलली, म्हणजे या घरातलं सगळंच खोटं. पलंग खोटे, पाळ्या खोट्या. किंमत जोवेटानं मोजायची.

"माझी," ती म्हणाली. "मुलगी. रेनिटा. चार वर्षांची होती."

व्हेल्मानं वळून तिच्याकडे पाहिलं.

"मी काचेच्या कारखान्यात होते. शेजारणीकडे ठेवून जायची. एकदा शेजारीण दुकानात गेली आणि पोर रस्त्यावर आली. पोलिसानं उचलली. वर्ष उलटून गेल्यावर परत दिली. मला 'मॅडम' म्हणाली. दारात उभी राहून. 'मॅडम, मी कुठं झोपू?'"

"अलाबामाला मावशीकडे होती म्हणाली होतीस," व्हेल्मा पुटपुटली.

"म्हणाले होते."

ब्रँट बाईंनी ते लिहून घेतलं. "मिस प्रुइट, मला वाईट वाटतं. पण मग तुम्हाला रात्री इथं थांबता येणार नाही. दिवसा या, जेवा, काहीही करा. मुलांजवळ एकट्या राहायचं नाही. माझ्या हातात नाही ते."

"कुणाच्या हातात आहे?"

"अर्ज करता येतो. वेळ लागतो."

"रस्त्यावरून पोर उचलायला नव्हता लागला," ओझेला म्हणाली. आवाज चढला नाही, आणि तिला ओळखणाऱ्यांना त्याचीच जास्त भीती वाटली. "ही भट्टी मी पेटवून घेतली. हे पलंग मी आणवले. या बायका मी बसवल्या. आणि या घराला धोका कुणाचा, तर माझा."

"हो," ब्रँट बाई म्हणाल्या. सारवासारव केली नाही, एवढं त्यांना मान्य करायला हवं. "पण एक रात्र रिकामी राहते. ती रिकामी ठेवून मी सही करू शकत नाही."

पाचही बायकांना आपापली एकेक रात्रच कशीबशी जमत होती आणि व्हेल्माला सकाळी डायलिसिसला जायचं असायचं. सगळ्या एकमेकींकडे बघत असताना दाराजवळून आवाज आला.

"मी थांबेन. माझी सगळी तपासणी शाळेनं केलेलीच आहे."

व्हिटलो बाई. आता मात्र जोवेटानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते बघणं असं होतं की ओझेलाच मधे यायला निघाली.

"तुम्हाला," जोवेटा म्हणाली, "माझ्या घरात झोपवू? माझ्या लेकरांजवळ?"

"नको म्हणालात तर जाईन."

जोवेटा पोरांच्या खोलीकडे बघत राहिली. आतून ट्रेच्या पायांची धडधड येत होती, वरून खाली उडी मारायचा खेळ चालला होता. सगळं तिच्या जिभेवर होतं आणि ती ते एकेक करून गिळत होती.

"सोफा मध्ये खचलाय," ती शेवटी म्हणाली. "पाठ धरेल तुमची."

"धरू दे."

ब्रँट बाईंनी सही केली. पोरं घरातच राहतील, मी न सांगता येत राहीन, असं म्हणाल्या आणि मफलर गुंडाळून गेल्या. मग व्हेल्मा रडायला लागली आणि बाकीच्या तिला रुमाल देत बसल्या. जोवेटानं ओझेलाचे दोन्ही हात धरले.

ओझेलानं कोट चढवला. जाताजाता व्हिटलो बाईंपुढे थांबली. "ट्रेला रात्री पाणी लागतं. मधलीला दिवा बंद केलेला चालत नाही. आणि सिमोनला सांगा की आता तू झोपायचं. तीनदा सांगावं लागेल. तिला जागं राहायची सवय लागलीय."

"मिस प्रुइट, मला..."

"आभार-बिभार नको. मी अजून चिडलेलीच आहे."

क्लिओनं तिला गाडीतून घरी सोडलं. ती जुनी गोष्ट त्याला पहिल्यापासून ठाऊक होती. वाटेत तो एकदाच बोलला. "रेनिटाला माहितीये का, की तू वर्षभर तिच्यासाठी त्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्यास?"

"तिला वाटतं, मीच तिला परक्यांकडे ठेवून आले."

"मग सांग की."

"तू गाडी चालव, क्लिओ."

घरी आल्यावर तिनं कोट काढला नाही. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच अटलांटाला राहणाऱ्या मुलीचा नंबर लावला. रेनिटानं उचलला आणि लगेच विचारलं, "कोण गेलं?" कारण नाताळ सोडला तर आई कुणी मेल्यावरच फोन करायची.

"कुणी गेलं नाही," ओझेला म्हणाली. "तू काही करत असशील तर ठेव बाजूला. मला फार राग आलाय, आणि तो कशाचा ते तुला ऐकावं लागेल."